कानशिलाचं माप

एका शिक्षिकेची बट मी मुळापासून उपटली, तेव्हा माझ्या तोंडात "बघा, कसं स्वच्छ दिसतंय!" हे वाक्य होतं. ते पुरं झालं नाही.

घडलं ते असं. माझं चष्म्यांचं दुकान आहे. शेजारच्या जिन्यानं वर गेलं की बाईंची खोली. बाई केसांच्या बारीक लॉक्स करतात आणि ते काम जाड भिंगाशिवाय होत नाही, म्हणून त्यांचा नवा चष्मा द्यायला मी वर गेलो होतो. खुर्चीत शिक्षिका बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावरून वाकून मी चष्मा पुढे केला, बाईंनी तो डोळ्यांवर चढवला, आणि तेवढ्यात खाली माझ्या दुकानाचं दार वाजलं. गिऱ्हाईक! मी ताडकन सरळ झालो. माझ्या बाहीचं बटण त्यांच्या एका बटेत अडकलंय हे मला त्यांच्या किंकाळीवरून कळलं. बटण चांगलं शिवलेलं होतं. ते जागचं हललं नाही.

शिक्षिका आधी "आई गं!" म्हणाल्या, आणि मग माझ्याबद्दल जे म्हणाल्या ते वर्गात म्हणत नसाव्यात. बाईंनी मात्र बटणातून बट सोडवली, कागदी पाकिटात घातली आणि वर लिहिलं, 'डावी बाजू, सातवी ओळ, कानाकडून तिसरी.'

"तिथे बोटभर केस आले की परत जोडून देते," त्या शिक्षिकांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "चष्मेवाले, भिंतीजवळचा तो स्टूल दिसतोय? यापुढे वर आलात की तिथे बसायचं. बाह्या दुमडून."

तेव्हापासून मी तिथे बसतो. चष्म्याची दांडी घट्ट करायला जातो आणि अर्धा तास काढतो. माझ्या बायकोचं म्हणणं, इतक्या सैल दांड्यांचा चष्मा विकायला मला लाज वाटायला हवी.

लॉक्स म्हणजे काय, हे मला त्या स्टुलावरच उमगलं. केसांचे लहान लहान भाग पाडायचे आणि प्रत्येकाची कायमची वळलेली बट करायची. ती पुन्हा विंचरायची नाही, उलगडायची नाही. केस वाढतील तशी मुळाशी घट्ट करत राहायची. बाईंच्या हातच्या बटा बुटाच्या नाडीहूनही बारीक. एका डोक्यावर चारशे, पाचशे. भांगांचे चौकोन विटांच्या भिंतीसारखे, एकाचा सांधा दुसऱ्याखाली येऊ न देता पाडलेले, म्हणजे टाळू उघडी दिसत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, इथे जमिनीची मोजणी चाललीय आणि आता हद्दीचे दगड पुरणार.

हातात एक बारीक आकडा असतो, क्रोशाच्या सुईचा धाकटा भाऊ म्हणा. बटेचं टोक त्यात अडकवून ती स्वतःच्याच मुळातून ओढून काढायची; एकदा खालून, एकदा वरून, मग उजवीकडून, मग डावीकडून. क्रम चुकून एकाच बाजूनं दोनदा गेलं की आत पोकळी राहते आणि वर्षभरानं बट तिथेच दुभंगते. म्हणून बाई आकडा फिरवत असताना बोलायचं नाही. मला हे जमत नाही. मी काही विचारलं की त्या हात थांबवतात, माझं वाक्य संपेपर्यंत माझ्याकडे पाहतात आणि उत्तर न देता पुढचा फेर घालतात.

गिऱ्हाइकांना मात्र त्या भरपूर सुनावतात. "तेल थापू नका, आत जातं ते बाहेर येत नाही." "धुतलं की पूर्ण वाळवायचं. ओलं बांधून झोपलात तर डोक्याला पोतेऱ्याचा वास येईल, मग माझ्याकडे रडत यायचं नाही." "धुतल्यावर शेजारशेजारच्या बटा मुळाशी सोडवायच्या. दोघींनी एकदा संसार थाटला की मला घटस्फोट करता येत नाही, कापावं लागतं." दर सहा आठवड्यांनी मुळं घट्ट करायला यायचं, आठवा आठवडा उजाडला तर बाई ओळख दाखवत नाहीत.

आणि सगळ्यांत आधी, खुर्चीत बसल्या बसल्या, कानशिलाची मोजणी. बाई कानाच्या वर नखाएवढा चौकोन पाडतात आणि त्यातले केस चिमट्यानं एकेक बाजूला करत मोजतात. मोठ्यानं. गल्लीत त्यांना 'मोजणीबाई' म्हणतात ते याच्यावरून. तीसच्या आत आकडा आला तर सर्वांत बारीक माप मिळत नाही. काही बायका रागावून निघून जातात. मीही एकदा म्हणालो होतो, "अहो, डोकं त्यांचं, हौस त्यांची. तुमचं काय जातं?"

त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी आकडा पुसून डबीत ठेवला आणि सांगितलं.

त्यांचं पहिलं डोकं म्हणजे त्यांची धाकटी बहीण. एकोणीस वर्षांपूर्वी. बहीण कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, दिसायला देखणी, आणि तिला सर्वांत बारीक बटा हव्या होत्या. काम मानेपासून सुरू करतात आणि तिथे केस दाट असतात. बाईंनी मानेवरचं माप धरलं. दोन दिवस तेच माप वर वर चढवत नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कानशिलापाशी पोचल्या.

"केस किती होते?" मी विचारलं.

"सोळा."

बटा वाढल्या, लांब झाल्या, जड झाल्या. सोळा केसांनी किती ओढून धरायचं? दीड वर्षानं दोन्ही कानांवरची मुळं सुटू लागली. एका सकाळी बहीण आली, रुमालाची गाठ सोडून गळालेल्या चार बटा टेबलावर ठेवल्या आणि जिना उतरून गेली. ती पुन्हा आली नाही. एकाच शहरात राहून दोघी सतरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आई गेली तेव्हा दोघी दोन भिंतींना टेकून बसल्या होत्या.

मला यावर काहीतरी गमतीचं बोलून वेळ मारून न्यायची फार इच्छा झाली. तोंड उघडलंही. पण बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा चढवला, तेव्हा मी आपला दांडी तपासत बसलो.

त्यानंतर काही महिन्यांनी एक मुलगी जिना चढून आली. विशीची, खांद्यावर पिशवी, केस मोकळे आणि मऊ. मी माझ्या स्टुलावर होतो. ती दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, ओळखलंस?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ओळख चेहऱ्यावरून पटली की केसांवरून, ते त्यांनाच ठाऊक.

"आईला माहितीय?"

"नाही. ती इथलं नाव काढू देत नाही. का ते पण सांगत नाही. पण सगळीकडे ऐकलं की सर्वांत बारीक तूच करतेस. मला तशाच हव्यात."

"बस."

चौकोन पडला. चिमटा चालू लागला. बाई मोजत होत्या आणि मी मनात त्यांच्याबरोबर मोजत होतो. अठरावर त्या थांबल्या. पुढे मोजायला काही नव्हतं.

"एवढ्या बारीक नाही होणार. दुप्पट जाड करू. कानांवर तर तिप्पट."

"दोरखंड नकोयत मला!" मुलगी आरशातून म्हणाली. "मागे बघ ना किती दाट आहेत."

"मागचं मला सांगू नकोस."

"बाकीच्यांच्या करतेस. माझ्याच वेळी तुझं काय अडतं? आईवरचा राग माझ्यावर काढतेस का?"

बाईंनी चिमटा खाली ठेवला. मग मी बोललो. न बोलून कसं चालेल? "अगं, मावशी तुझ्या भल्यासाठी…" एवढंच. त्यानं व्हायचं ते झालं. ती उठली. "स्टेशनजवळ एक जण करतो. मोजत बसत नाही. शनिवारची वेळ घेते." जिन्यावर तिची पावलं धडधडत उतरली.

बाई आरशासमोरच उभ्या राहिल्या. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात होता.

"तिला आईनं सांगितलं तर ऐकेल," मी म्हणालो.

"हं."

"तुम्ही बहिणीला कळवा ना."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आणखी एखादी बट उपटली होती. मग फोन उचलला. नंबर पाठ होता. सतरा वर्षांत एकदाही न लावलेला नंबर माणूस पाठ कसा ठेवतो, मला सांगता येणार नाही.

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "ठेवू नकोस. पोरगी आली होती. मी नाही म्हटलं. ती शनिवारी दुसरीकडे बसणार आहे. कानशिलाला अठरा आहेत. तुझ्यापेक्षा दोनच जास्त."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मला स्टुलापर्यंत ऐकू आला.

शुक्रवारी सकाळी दोघी आल्या. आई पुढे, मुलगी मागे, फुरंगटलेली. आईच्या डोक्याला गर्द निळा स्कार्फ, कपाळापासून मानेपर्यंत चापून बांधलेला. मी उठून निघालो तर बाई म्हणाल्या, "बसा हो. दारात वाट अडवू नका." त्या एकट्या पडायला घाबरत होत्या, असं मला वाटतं. मी बसलो. बाह्या दुमडलेल्याच होत्या.

बहीण खुर्चीत बसली आणि आरशातून मुलीला म्हणाली, "इकडे ये. उजेडात उभी राहा."

"आई, तू उगाच…"

"उभी राहा म्हटलं ना."

तिनं स्कार्फची गाठ सोडली. मुलगी म्हणाली, "अगं, हे काय करतेस?" आणि तिच्या आवाजावरून मला कळलं की घरातसुद्धा, झोपतानासुद्धा, तिनं आईचं डोकं उघडं पाहिलेलं नव्हतं. मी खाली पाहायचं ठरवलं होतं. जमलं नाही. कपाळापासून दोन्ही कानांच्या मागेपर्यंत चार बोटं रुंद पट्टा, गुळगुळीत, एखाद्या जुन्या भाजल्याच्या डागासारखा चकाकणारा. त्याच्या मागे आखूड कापलेले केस, अर्धे पांढरे.

"हात लाव," ती मुलीला म्हणाली.

मुलीनं हात पुढे केला आणि मागे घेतला. आईनं तो धरून कानशिलावर टेकवला.

"आजारपणात गेले, असं सांगायचीस तू," मुलगी म्हणाली.

"खोटं सांगत होते. मीच हट्ट केला होता. सर्वांत बारीकच हव्या म्हणून."

बाई खुर्चीच्या मागे उभ्या होत्या. गिऱ्हाईक बसलं की उभ्या राहतात तशाच. त्यांचा आवाज रोजचाच होता, फक्त वाक्यं तुटक येत होती. "मला दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी. इथे, कानाजवळ आले तेव्हाच. सोळा केस. मागचं सगळं उसवून परत करावं लागलं असतं. पहिलंच डोकं. मी गप्प बसले."

"सांगितलं असतंस तरी मी थांबू दिलं नसतं, ताई."

"तरी."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" ओरडत होता. बहिणीचे डोळे कोरडे होते. रडत होती ती मुलगी, उभ्या उभ्या, हात अजून आईच्या कानशिलावर, आणि नाक पुसायला दुसरा हात पिशवीत रुमाल शोधत होता. तिला माझा रुमाल मी दिला. त्याला चष्मे पुसायच्या पाण्याचा वास येतो. पण त्या वेळी तिनं काही चौकशी केली नाही.

नाक पुसून झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, तू म्हणशील त्या मापाच्या कर."

बहीण खुर्चीतून उठली, मुलगी बसली. बाईंनी कंगवा घेतला आणि नेहमीसारखा मानेकडे न नेता थेट कानावर ठेवला. पहिला चौकोन तिथे पडला, चांगला ऐसपैस, आणि मागचे सगळे त्याच्या मापानं. काम तीन दिवस चाललं. बहीण तिन्ही दिवस शेजारच्या खुर्चीत बसून होती. पहिल्या दिवशी स्कार्फ मांडीवर घडी करून, दुसऱ्या दिवशी दाराच्या खुंटीवर. दोघींमध्ये बोलणं असं नव्हतंच. "क्लिप दे." "ही?" "ती नव्हे, लांब." मी दिवसातून चारदा वर जात होतो आणि माझ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ ताटकळत बसून शेवटी दुसरीकडे चष्मा करून आले.

रविवारी संध्याकाळी दोनशे ऐंशी बटा झाल्या. दोरखंड कुठेच नव्हते. मुलीनं मान हलवली, आरशात उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, आणि मावशीच्या खांद्यावर कपाळ टेकवून राहिली. बाई ताठ उभ्या. मिठीत काय करायचं हे त्यांना येत नसावं. त्यांनी तिची कानाजवळची एक बट उचलून मूळ तपासलं.

दोघी गेल्या. जिन्यावर बहिणीचा आवाज ऐकू आला, "हळू उतर, धुतल्याशिवाय पंधरा दिवस काढायचेत तुला." बाई खाली वाकून केर गोळा करत होत्या. माझ्या तोंडाला कुलूप नसतंच, मी विचारलं, "मग? सतरा वर्षांचं सगळं बोलून झालं म्हणायचं दोघींचं?"

"बोलायचंय काय? धाकटीच्या मागच्या केसांत कोंडा झालाय, गुरुवारी धुवायला बोलावलंय."