टेकडीवरचा तास

आर्णीजवळच्या आमच्या गावात रेंज फक्त टेकडीवर मिळायची. लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद होतं, म्हणून मी रोज सकाळी तिथे बसून मोबाइलवर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. तांड्यावरची एक म्हातारी तिथेच बकऱ्या चारायची. तोंडावर पदर, हातात काठी आणि मधूनमधून बकऱ्यांना घातलेली एक लांब हाळी. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या लाटेत आमच्या विभागातले ज्येष्ठ सर कोरोनाने गेले. आम्हा कुणालाच अंत्यविधीला जाता आलं नाही. चार दिवसांनी त्यांचा अर्धवट राहिलेला धडा मी शिकवायला घेतला. समोर बंद कॅमेऱ्यांचे काळे चौकोन होते. मध्येच मी वाक्य अर्धवट सोडलं आणि मोबाइल मांडीवर ठेवला.

म्हातारी चार हात अंतर ठेवून बसली.

"काहून थांबली, बाई?"

"आमचे सर गेले, माय. आणि इथं कुणी ऐकतंय की नाही, तेही कळत नाही."

ती बकऱ्यांकडे पाहत म्हणाली, "माह्या बकऱ्या हाक मारली तं मान वर नाही करत. पण मी गप झाली का शोधत येतात."

मी मोबाइलकडे पाहिलं. मेसेज येत होते. 'मॅडम, आवाज येत नाही.' 'मॅडम, बऱ्या आहात ना?' 'आम्ही थांबलोय.'

मी डोळे पुसले आणि सरांनी सोडलेल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. म्हातारी तास संपेपर्यंत उठली नाही.