गर्दी नसलेला मंगळवार

माझ्या धाकट्या जावेला लाविलला जायला मिळायचं आणि मला नाही, एवढीच गोष्ट होती. लाविल म्हणजे पोर्ट लुईस, आमच्या बेटाची राजधानी. पेती राफ्रे ह्या गावी आमच्या घरात त्याला दुसरं नाव नव्हतं. माझे सासरे वारले होते. घरात सासूबाई, आम्ही दोघी जावा, दोघींचे नवरे आणि माझी दोन मुलं, एवढी माणसं. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती.

माझा नवरा साखर कारखान्यात रस उकळायच्या कामावर होता. आमच्या बेटावर वसंत सप्टेंबरात येतो. थंडी सरून आंब्याला मोहर आला, हवा मऊ झाली, की बाहेर पडावंसं वाटायचं. पण आमच्याकडे नेमका तोच ऊसतोडीचा हंगाम. कारखाना रात्रंदिवस चालू. रविवारी थांबला तर ह्यांना भांडी आणि नळ धुवायला बोलवायचे. सणाला कोंजे, म्हणजे सुट्टी मिळाली, तर त्या दिवशी लाविलची दुकानंही बंद. शनिवारी तिथं घोड्यांच्या शर्यती. त्या दिवशी बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते म्हणून हे नकोच म्हणायचे. असे वसंतामागून वसंत गेले. मी लाविल पाहिलं ते एका चुलत पुतणीच्या लग्नाचं लुगडं घ्यायला, तेही सासूबाईंचा हात धरून, धावतपळत.

धाकटे दीर मात्र लाविललाच सरकारी हाफिसात कारकून. रोज सकाळच्या बसनं जायचे, संध्याकाळी यायचे. कुठल्या वारी बाजार भरतो, कुठल्या दिवशी पगार होतात, शाळा कधी सुटतात, सगळं त्यांना तोंडपाठ. गर्दी नसलेला एखादा मंगळवार बघून ते आपल्या बायकोला बरोबर न्यायचे. ती शेजारणींचे झगे शिवायची. दोरा, अस्तर, बटणं आणायची म्हणून सासूबाई आडकाठी करत नसत. आणि नवरा बरोबर असला म्हणजे बोलायला जागाच नाही.

त्या दिवशी सकाळी ती तयार व्हायची आणि मी चुलीपाशी बसून तिच्या चपलांचा आवाज ऐकायची. संध्याकाळी ती आली की भाकऱ्या थापता थापता विचारायची, "काय बघितलंस गो?"

"बंदर बघितलं. मोठं जहाज लागलंय. बाजारात आलुदा प्याले. गार होता."

दूध, सब्जा आणि बर्फाचा तो आलुदा मी मनातल्या मनात प्यायची. शेजारी दीर उभे आहेत, तिच्या पिशव्या धरून, तिला जहाजाचं नाव वाचून दाखवतायत, असं मला दिसायचं. रात्री हे आले की अंगाला काकवीचा वास, डोळे लाल. जेवायचे आणि आडवे व्हायचे. मला त्या वासाचासुद्धा राग यायचा.

एका वर्षी सप्टेंबर संपता संपता कारखान्यातला ऊस पिळायचा मोठा रूळ तुटला. रात्रपाळी करून हे सकाळी घरी आले आणि म्हणाले, "नवा भाग बसेपर्यंत काम नाही. उद्यापर्यंत मोकळा."

मंगळवार होता. जाऊ नुकतीच दिरांबरोबर गेली होती.

"चला, लाविलला जाऊ," मी म्हटलं.

"मी झोपलो नाही गो."

"बसमध्ये झोपा."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "दोघी सुना गेल्यावर ह्या पोरांना कोण बघणार?"

हे माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "आये, एक दिवस बघ." बस येईपर्यंत मी लुगडं बदललं, केस विंचरले, आणि सासूबाईंचं बोलणं मागे येत असताना फाटक ओढून घेतलं.

बसमध्ये ह्यांची मान माझ्या खांद्यावर पडली ती शहर येईपर्यंत. बाजारात आम्ही दालपुरी खाल्ली. मी कापडाच्या दुकानांतून हिंडले. हे दारात उभे राहून पेंगत होते. जहाज दाखवा म्हटलं तर म्हणाले, "आधी कुठे तरी टेकू दे." म्हणून आम्ही शहराच्या मधोमध, कंपनीची बाग म्हणतात त्या जुन्या बागेत गेलो. तिथं वडाची जुनी झाडं आहेत, खाली बाक आहेत. पहिल्या मोकळ्या बाकावर हे आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले.

मी मान वळवली तर पलीकडच्या बाकावर माझी जाऊ.

एकटी होती. चपला काढून ठेवलेल्या, एक पाय मुडपून घेतलेला, मांडीवर कागदात मिरचीची भजी. दिरांचा पत्ता नव्हता. मला बघून तिनं पाय खाली सोडला.

"भावजी कुठे?"

"हाफिसात. त्यांना कुठलं कोंजे? चार वाजता सुटतात."

"मग तू दिवसभर?"

"दोरा घेते. बंदरावर जाते. मग इथं बसते."

"एकटी?"

ती हळूच म्हणाली, "घरी सांगू नका वयनी. आयेला वाटतं हे असतात बरोबर."

खरं सांगायचं तर आधी मला गार वाटलं. इतकी वर्षं जिचा हेवा केला ती नवऱ्याशिवाय भजी खात बसली होती. तिनं बंदराबद्दल, आलुद्याबद्दल बोलताना 'आम्ही' असं कधी म्हटलं होतं का, ते आठवून पाहिलं. नव्हतं म्हटलं. तो शब्द मीच घातला होता.

"कंटाळा नाही येत?" मी जरा मायेनंच विचारलं.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काहीच कळलं नव्हतं. "घरी मला कोण असं बसू देतं? सकाळपासून कुणी हाक मारलेली नाही. तेवढ्यासाठी तर येते."

मग तिनं माझ्यापुढे कागद धरला. मी एक भजं घेतलं. तिकडे ह्यांचं घोरणं चाललं होतं. त्यांची टोपी खाली पडली होती ती उचलायची होती, पिशवी सांभाळायची होती, परतीच्या बसला वेळेवर उठवायचं होतं. नवऱ्याबरोबर शहर बघावं म्हणून मी वर्षानुवर्षं जळले होते, आणि आज तो नवरा बरोबर होता. जाऊ मात्र पुन्हा पाय मुडपून वडाच्या पारंब्यांकडे बघत बसली. तिच्या त्या एकटीनं बसण्याचा मला असा हेवा वाटला, की आधीचा सगळा त्यापुढे काहीच नव्हता.

घरी मी सांगितलं नाही. पण आठवडाभरानं विहिरीवर तिला म्हटलं, "पुढच्या खेपेला मी जाते. भावजी नेतील. तुझा दोरा मी आणीन. तू पोरांना बघ."

तिचा चेहरा उतरला. तिचं गुपित माझ्या हातात होतं, नाही म्हणणार कशी? धुणं आपटता आपटता ती म्हणाली, "दिवस मी सांगते. सगळेच दिवस बरे नसतात."

तिनं ऑक्टोबरचा अखेरचा दिवस काढून दिला. "दुसऱ्या दिवशी कोंजे आहे, लोक आपापल्या गावी निघून जातात. बाग रिकामी असते," असं म्हणाली. सासूबाईंना दोऱ्याचं कारण तिनंच सांगितलं.

सकाळी बसमध्ये दीर मला म्हणाले, "वयनी, आजचा दिवस कुणी काढला?"

"तिनं."

ते म्हणाले, "उद्या ख्रिस्ती लोकांचा मेलेल्या माणसांचा सण. आज सगळं बेट फुलं घ्यायला उतरतं. वर पगाराचा दिवस. तिला तर ठाऊक आहे हे."

मी खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिले.

लाविलला खरोखर पाय ठेवायला जागा नव्हती. बाजारात शेवंतीच्या ढिगांमधून लोक एकमेकांना कोपरं मारत होते. आलुद्याच्या गाडीपाशी पोचता आलं नाही. बागेतले सगळे बाक भरलेले, एकावर फुलांच्या बादल्या ठेवलेल्या. वडाच्या मुळावर बसले तर एका म्हातारीनं आपला नातू माझ्याजवळ सोडला, "जरा बघ गं" अशी खूण केली आणि गेली ती तासाभरानं आली. दोऱ्याच्या दुकानात उभं राहून पोटऱ्या भरून आल्या. चार वाजेपर्यंत मी हाफिसाच्या भिंतीला टेकून उभी होते.

घरी आले तेव्हा जाऊ चुलीपाशी होती. माझ्या धाकट्या पोरानं तिच्या अंगावर ओकारी केली होती, तिच्या झग्यावर डाग होता. ती वर न बघता म्हणाली, "गर्दी होती?"

"नाही गो. तू म्हणालीस तशीच रिकामी. दिवसभर पाय मुडपून बसले होते. आलुदा प्याले दोनदा."

तिचा हात तव्यावर थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या चपलांवरच्या चिखलाकडे बघितलं. त्या रात्री भाकरी करपली. मला फार बरं वाटलं.

पुढच्या वसंतापासून आम्ही पाळ्या लावल्या. एक मंगळवार तिचा, एक माझा. दिवस मात्र मी थेट दिरांना विचारायची. माझा पहिला खरा रिकामा मंगळवार आला तेव्हा मी बागेत पारंब्यांखाली बसले आणि सकाळभर मला कुणी हाक मारली नाही. दुपारी मात्र मनात आलं, पुढच्या मंगळवारी ती ह्याच बाकावर बसेल, आणि मी तिच्या वाटणीचा स्वयंपाक करीन. उरलेला वेळ त्यातच गेला.

ऐंशीच्या दशकात दिरांची बढती झाली आणि त्यांनी क्वात्र बॉर्न शहरात घर घेतलं. जाऊ तिथं शिवणाचं दुकान चालवते. दारातून लाविलची बस मिळते, तीही दिवसभर. सासूबाई आमच्याकडेच राहिल्या. मागच्या दिवाळीला ती आली होती. मी विचारलं, "बागेत जातेस का अजून?"

"वेळ कुठे मिळतो वयनी," ती म्हणाली.

मी तिच्या नव्या पर्सकडे बघितलं. माझा विश्वास बसला नाही.