मागं वळलेलं विमान

लिहायला बसलोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही, आणि मी लढलेल्या लढाया सगळ्या खुर्चीत बसून लढलेल्या. अशा माणसानं आठवणी लिहाव्यात का, ते मला अजून कळत नाही.

इंटरनेटवर एक खेळ आहे. दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडवायची, आणि कानाला हेडफोन लावून जोडीदारांशी बोलायचं. बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासमधला जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीवर होता, त्यावर मी शिकलो. मग एका मराठी गटात शिरलो. तिथं नावं नव्हती, गावं होती. कुणी सांगली, कुणी अकोला, मी लोहारा. गट चालवणारे बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना सगळे नाशिककाका म्हणत. नवख्यानं तीन मोहिमा करायच्या, मग मतं घ्यायची. एक जरी मत विरोधात गेलं तर तो बाहेर.

मला तिथं राहायचं होतं. कॉलेजात मी ‘व्हय’ म्हणालो की मागच्या बाकावर हशा व्हायचा. तिथं काका म्हणायचे, “लोहारा, तुला काय दिसतंय ते सांग,” आणि सगळे गप्प होऊन ऐकायचे.

पहिली मोहीम समुद्रावरची, ती नीट झाली. दुसरीत पेट्रोल संपलं असताना मी विमान शेतात उतरवलं. काका म्हणाले, “शाब्बास रे.” तो अख्खा दिवस मी खोलीत एकटाच हसत होतो.

तिसरी मोहीम रविवारी दुपारी होती. चार बॉम्बर, आणि त्यांच्या राखणीला काका आणि मी. बॉम्ब टाकून परतताना सांगलीच्या बॉम्बरचं एक इंजिन पेटलं आणि तो मागं पडायला लागला.

“लोहारा, माझ्याजवळच राहा,” काका म्हणाले. “सांगलीचं सांगली बघेल.”

“असं काय काका! अजून उडतोय की मी!” सांगली ओरडला.

“तू हळद विकून ये सावकाश,” अकोला हसला.

“लोहारा, ये की रे. एकटा पडलोय,” सांगलीनं मला हाक मारली.

आमच्याकडं मेंढरं आहेत. मागं राहिलेल्या जनावराला सोडून वडील कधी मुक्कामाच्या वाड्यावर आले नाहीत. मी कुणाला विचारलं नाही. “आलो दादा,” म्हणालो आणि विमान वळवलं.

सांगलीला मी धावपट्टीपर्यंत आणलं. तोवर पुढं गेलेल्यांवर उन्हाच्या बाजूनं शत्रूची चार विमानं तुटून पडली होती. “लोहारा, कुठं आहेस?” काकांनी दोनदा विचारलं. मग त्यांचा आवाज बंद झाला, कारण पडलेल्यानं बोलायचं नाही असा गटाचा नियम होता. दोन बॉम्बरही गेले. पुढच्यांपैकी अकोला एकटाच आपला बॉम्बर घेऊन कसाबसा परतला.

“मेंढरं राखायला जा तू,” तो म्हणाला. माझ्या घरचं त्याला काहीच माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी निरोप आला: एक मत विरोधात. ते काकांचंच, यात मला शंका नव्हती. मी त्यांना लिहिलं, “तुम्हाला माणूस नको होता, शेपूट पाहिजे होतं.” पाठवूनही टाकलं. उत्तर आलं नाही. त्या खेळात मी परत गेलो नाही.

सुट्टीत गावी गेल्यावर सगळं वडिलांना सांगितलं. ते शेळीला बाभळीचा पाला घालत होते. विमानं त्यांना कळली नसतील असं मला वाटलं होतं.

“मागं वळलास ते बरं केलंस,” ते म्हणाले. “पर म्होरं कोण व्हतं?”

“एकटे काका.”

“मग कसा वळलास? म्या मागं फिरतो तवा म्होरं तुझा चुलता असतो, कुत्रं असतं. म्होरं राखण ठिवल्याबिगर मागं फिरत न्हायत. एवढं बी ध्यानात न्हाय व्हय तुझ्या?”

 लहानपणापासून बघत आलो होतो, आणि अर्धंच बघितलं होतं.

काकांची माफी मागायला गेलो तर त्यांचं खातं बंद होतं. अकोल्याला विचारलं. त्यानं कितीतरी दिवसांनी कळवलं: माझा निरोप वाचून काकांनी त्याच आठवड्यात गट सोडला. त्याआधी त्यांनी माझ्यासाठी दुसऱ्यांदा मतं घ्यायला लावली होती. हाक आली की राखण सोडतो तो, असं सांगून दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणणारा एकटा सांगली होता.