सोसायटीचा नवा कोरा कम्प्युटर

खाऱ्या हवेत लोखंडाला गंज चढतो, तसे आमच्या मच्छीमार सोसायटीत किस्से चढतात. पुसावेत तेवढे नवे!

दिल्लीत शिकून गावी परतले तेव्हा माझा एकच हट्ट होता: सोसायटीत एक साधा, परवडणारा कम्प्युटर हवा. प्रत्येक ऑनलाइन फॉर्मसाठी बोर्लीच्या सायबर कॅफेत जायचं, म्हणजे मासळी विकणाऱ्या बायांचा दिवस बुडाला. त्यांतल्या जनाआत्याला तर नवरा वारल्यावर होडी स्वतःच्या नावावर करायची होती. त्याशिवाय होडी पाण्यात उतरणार नव्हती.

* * *

सभेत मी म्हटलं, "कंपनीत वापरलेला, दुरुस्त केलेला, वॉरंटीवाला डेस्कटॉप घेऊ. फॉर्म आणि प्रिंटला भरपूर झाला. उरलेल्या पैशांत यूपीएस."

अध्यक्ष नथूकाका भडकले. "जुना? हापिसात भंगार आनतेस, बाय?"

"काका, तुमच्या बोटीत ट्रकचं जुनं इंजिन आहे!"

"इंजिन फळीखाली असतं. कम्प्युटर पाव्हन्यांना दिसतो!"

* * *

मग दुकानदारानं गेमिंगचा कम्प्युटर गळ्यात मारला. आत लाल-निळे दिवे!

"या दिव्यांचा उपयोग काय?" मी विचारलं.

खजिनदार म्हणाले, "गनपतीत कामाला येतील!"

यूपीएसचे पैसे त्या दिव्यांत गेले. लाइट गेली तर? खजिनदारच म्हणाले, "लाइट गेल्यावर हापिसात थांबतंय कोन?"

* * *

नारळ फुटला, हार पडला, कम्प्युटरवरचं प्लास्टिक मात्र तसंच राहिलं. "खारी हवा लागंल!" नथूकाका म्हणाले. माझा दिल्लीचा महागडा लॅपटॉप त्याच हवेनं मेला होता, म्हणून मीही प्लास्टिक राहू दिलं.

मग खोलीला कुलूप लागलं. चावी नथूकाकांच्या कमरेच्या करगोट्याला, आणि काका निम्मा महिना समुद्रावर! "लोकांची वस्तू हाय, बाय. खराब झाली तर जबाबदार कोन?"

* * *

जनाआत्याच्या अर्जाचा शेवटचा दिवस. काका चावीसकट समुद्रावर. आत्यानं मासळीची पाटी घरीच ठेवली आणि आम्ही बोर्ली गाठली.

सायबर कॅफेत ही रांग! आणि सगळ्यांत पुढे नथूकाका. सकाळी दिघी बंदराला बोट लागली, तिथून थेट इकडेच.

"काका, तुम्ही इथं?"

"डिझेलच्या सवलतीचा अर्ज भरायचाय."

"अहो, आपला कम्प्युटर?"

"त्याला कशाला तरास? नवा हाय तो!"

त्यांचा अर्ज गेला. आमची पाळी आली आणि साइट बंद पडली. कॅफेचं शटर खाली येईपर्यंत उघडली नाही.

काका बाहेर चहा पीत उभे होते. आत्यानं त्यांच्या कमरेकडे पाहिलं.

"नथूभाऊ, कुलूप नीट लावलंस ना? लोकांची वस्तू हाय!"