पाय टेकतात का

नव्या रबराचा वास आला की मला वाशीमचं ते टायरचं दुकान आठवतं. आमच्या यांच्या बुलेटचे दोन्ही टायर झिजून गुळगुळीत झाले होते. जाड नक्षीच्या उंच टायरांवर यांचा वर्षभर डोळा होता. रिठदच्या वावरातल्या चिखलातून गाडी कशी निघते पाह्य, म्हणायचे. दुकानदाराने तेच काढून ठेवले. यांनी त्यांच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "साधेच द्या. यानं गाडी उंच होते." साधे टायर चढल्यावर मला म्हणाले, "बस बरं समोर, पाय टेकतेत का पाह्य." दुकानातली चार माणसं बघत होती. मी पदर सावरला, "मले काय चालवा लागते? कायतरीच तुमचं!" ते हसले. "बस ना एक डाव." मी बसले नाही. तेव्हा तपासणीचे कागद त्यांच्या खिशात होते, हे मला महिन्याभराने दवाखान्यात कळलं. ते गेल्यावर गाडी वर्षभर झाकलेली होती, मग मी शिकले. आता वावरात मीच नेते. धुऱ्याच्या बांधापाशी थांबले की दोन्ही पाय जमिनीला टेकतात, अगदी टाचांसकट.