बाबागाडीच्या फोटोत बाळ

बाबागाडी मुळात आमची नव्हतीच. माझा नवरा मुलुंडला एका घरी ड्रायव्हर आहे, तिथल्या मॅडमचं पोरगं मोठं झालं तेव्हा त्यांनी ती दिली, म्हणाल्या टाकून देण्यापेक्षा तुमच्या मुलीला होईल. आणली तर खरी, पण विक्रोळीच्या आमच्या चाळीत ती फिरवायची कुठे? गॅलरीत एका वेळी एकच माणूस जातो, त्यात कपड्यांच्या दोऱ्या, पाण्याचे ड्रम, आणि शेजारची काकी येता-जाता ओरडायची, "गं बाई, गाडी आहे का बैलगाडी? गुडघा फुटला माझा. काढ हिला, नाहीतर मी भंगारात देते." घरात घ्यावी तर आम्ही झोपायचं कुठे. मग नवरा म्हणाला मोबाईलवर टाक, लोक जुनं घेतात, आणि ते ॲप मला काढून दिलं आणि ड्युटीवर गेला.

मी फोटो काढला. रिकामी गाडी फोटोत अगदी भंगार दिसत होती, कुणाला वाटलं असतं कचऱ्यातून उचललीय. मग मी मुलीला त्यात बसवलं. तेल लावून केस विंचरले, बारशाला आलेला फ्रॉक आता कुठे होत होता, तो घातला, गालावर तीट लावली, कारण कोण कोण बघणार काय माहीत, दृष्ट नको लागायला. ती हसली पण नेमकी. एवढा गोड फोटो तिचा आधी कधी आलाच नव्हता.

खाली माहिती लिहायची होती. मी आठवीपर्यंत शिकलेली, इंग्लिश जमत नाही, मराठीत लिहिलं. गाडी चांगली आहे, चाकं फिरतात. मी दिवसभर घरी एकटीच असते, कधी पण या. आणि खाली चाळीचा पत्ता, खोली नंबरासकट. मला वाटलं लांबून येणाऱ्याला कुलूप बघून परत जावं लागू नये. एवढंच होतं डोक्यात, देवाशपथ एवढंच.

मग फोन वाजायला लागला तो थांबेचना. कुणी इंग्लिशमध्ये काहीतरी विचारायचं, मी "हो ताई" लिहायची, आणि निघायचा तो बाप्या. कुणी म्हणायचं चाकाचा व्हिडिओ पाठव, मी पाठवायची, मग दुसऱ्या चाकाचा पाठव, मग गायबच. एकाने भाव पक्का केला आणि म्हणाला कांदिवलीला आणून द्या. म्हटलं दादा, कडेवर पोर घेऊन मी गाडी कशी आणू? तर म्हणतो, "पोराला गाडीत बसवा ना, त्यासाठीच असते ती."

एक बाई तर स्वतः आली. घाटकोपरवरून आले म्हणाली. गाडी उघडली, मिटली, परत उघडली, कापडाला नाक लावून वास घेतला, आपल्या पर्सचं ओझं ठेवून गॅलरीभर फिरवून बघितली. मी पाणी दिलं, चहा केला, आता दारात आलेल्याला तसं कसं पाठवायचं. चहा पिऊन ती म्हणाली, "कुरकुरतेय गं. अर्ध्यात दे." मी म्हटलं, "ताई, तेल घातलं की जाईल." तर म्हणाली, "मग तू तेल घालून ठेव, मी बघते," आणि जी गेली ती गेली. काकी दारातून सगळं बघत होती. "हॉटेल टाक आता," म्हणाली, "फुकट चहा, वर गाडीत बसून चक्कर."

तेव्हा मी हसले होते. हे सगळं चालतं, लोक असेच असतात, विकायचं म्हटलं की ऐकून घ्यायचं.

मग एका दुपारी तो मेसेज आला. मुलगी मांडीवर होती, भात भरवत होते. नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि नंबर, फोटो नाही.

"बाळासकट कितीला?"

पुढे हसणारं तोंड.

मी परत वाचलं. मला कळेचना, चुकून लिहिलं असेल का. तोवर दुसरा आला. "एकटीच असतेस ना? येऊ का?"

माझ्या हातातला घास खाली पडला. मुलगी तोंड उघडून बसली होती आणि मी तिच्याकडे बघतच राहिले. दार उघडं होतं, आमच्याकडे दिवसा दारं उघडीच असतात. मी उठून कडी लावली, खिडकी लावली, उकडत होतं तरी लावली, आणि मुलीला घेऊन मोरीत जाऊन बसले. तिथे का बसले काय माहीत. बाहेरून दिसणार नाही म्हणून असेल.

नवरा आला तेव्हा त्याला दाखवलं. तो आधी हसला. "टवाळ पोरं असतात गं, टाइमपास करतात." मग त्याने खाली मी लिहिलेलं वाचलं आणि त्याचा चेहराच बदलला. "एकटीच असते? हे कुणी लिहायला सांगितलं तुला? अगं घराचा पत्ता पण आहे ह्याच्यात!" मी म्हटलं, "अहो, लोकांना बरं पडेल म्हणून..." तो म्हणाला, "लोकांना बरं पडतंय बघ आता." त्या नंबरला फोन लावला, बंद. दोन वेळा लावला आणि म्हणाला, जाऊ दे, उद्या बघून काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मॅडमची गाडी काढायची होती म्हणून तसाच गेला.

आणि त्याच दिवशी दार वाजलं.

 परत वाजलं. "ताई, बाबागाडी बघायला आलोय." फटीतून बघितलं, हेल्मेट घातलेला माणूस. मी म्हटलं विकली. तो म्हणाला, "ॲपवर तर आहे अजून." म्हटलं विकली, जा. तेवढ्यात माझी मुलगी आतून ओरडली, आणि तो म्हणाला, "बाळ आहे वाटतं घरात, फोटोतलं?" बास. मी दाराला पाठ लावून खाली बसले आणि जोरात ओरडले, "इथे कुणी नाही, जा तुम्ही!"  तो चिडून म्हणाला, "अहो ताई, सुट्टी टाकून आलोय मी. विकायची नव्हती तर टाकता कशाला? गाडी तर इथे बाहेरच उभीय." मग त्याची पावलं जिन्यावर वाजली.

तोच होता का तो? का कुणी साधा बाप होता, स्वतःच्या पोरासाठी आलेला? मला आजपर्यंत कळलेलं नाही. दोघंही असेच बोलले असते, त्याचीच भीती वाटते.

मग मी फोटो काढून टाकायला बसले. सगळं इंग्लिशमध्ये. हे दाबलं तर ते उघडायचं, नवरा फोन उचलत नव्हता, गाडी चालवताना उचलत नाही. एकच शब्द ओळखीचा दिसला, सोल्ड. म्हटलं विकली म्हणून दाबलं की निघून जाईल, कुणी येणार नाही. दाबलं.

फोटो गेला नाही. फोटोवर आडवी लाल पट्टी आली. माझ्या मुलीच्या हसऱ्या तोंडावरून, तिटेवरून, आडवी. सोल्ड.

मी फोन चादरीखाली टाकला. मग रडत रडत गावाला सासूला फोन केला. आमच्या सासूबाई मालवणकडच्या, सगळ्याला त्यांच्याकडे काहीतरी तोडगा असतो. मी सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "शब्द लागलो गो तिका. विकली म्हणान लिहिलां मां? मगे परत विकत घे." आमच्याकडे पूर्वी पोर जगावं म्हणून शेजारणीला विकायचे आणि मूठभर तांदूळ देऊन परत घ्यायचे, ते मी ऐकून होते. त्या म्हणाल्या, "शेजारणीच्या वटीत घाल नि तांदूळ देवन उचल. दिलेले तांदूळ मात्र परत घेव नको हां."

वेडेपणा वाटेल. मला तेव्हा तो सोडून दुसरं काही सुचतच नव्हतं. तांदळाचा डबा काखेत, मुलगी कडेवर, मी काकीच्या दारात. काकी भाजी निवडत बसली होती. मी काही न सांगता मुलीला तिच्या पदरात ठेवलं आणि म्हटलं, "काकी, ही तुमची. आता मला विकत द्या." मूठभर तांदूळ पुढे केले.

काकीला रीत माहीत होती, लगेच हसली. मुलीला छातीशी धरलं आणि म्हणाली, "एवढ्यात? छे गं! एवढी गोरीपान पोर मूठभरात? नाही परवडत."

ती मस्करी करत होती. मला माहीत होतं मस्करी आहे.

मी दुसरी मूठ टाकली. "अजून. गुडघ्याचा पण खर्च आहे माझ्या." मी परत टाकली. "लास्ट कितीला घेणार बोल," काकी म्हणाली आणि मुलीचा पापा घेतला, आणि मुलगी पण हसत होती तिच्याकडे बघून, आणि मला काय झालं, मी डबाच उलटा केला. सगळाच. महिन्याचा भरलेला होता नुकताच. काकीच्या मांडीवरून, फरशीवर, उंबऱ्याबाहेर गॅलरीत, सगळीकडे तांदूळ. मी मुलीला ओढूनच घेतलं, तिचा हात दुखावला असेल, ती किंचाळली.

काकीचं तोंड उघडंच राहिलं. "अगं ए... अगं मस्करी केली गं मी. काय झालं तुला?"

मी घरात पळाले आणि कडी लावली.

बराच वेळ बाहेर सुपाचा आवाज येत होता. काकी तांदूळ गोळा करत होती, पाखडत होती. मग दारावर हलकी थाप. "घे गं तुझे तांदूळ. निवडून आणलेत. काही बोलत नाही मी, घे फक्त."

मी म्हटलं, "नको काकी. ते तुमचे झाले."

"वेडी आहेस का? जेवणार काय तुम्ही?"

मी मुलीला घट्ट धरून बसले होते. ती रडून रडून झोपली होती, घामाने भिजली होती. काकी दोनदा म्हणाली, "दार तरी उघड." ती काकी आहे हे मला आवाजावरून कळत होतं, आणि तरी मी उघडलं नाही.