जुन्या डब्यातली बिस्किटं

कुत्र्यानं काय खावं याबद्दल ज्याला मत नव्हतं असा एकही माणूस त्या वर्षी मला लोणावळ्यात भेटला नाही. लढाई चालू होती, विलायती माल दिसेनासा झाला होता आणि आमच्या घरची कुत्री विलायती बिस्किटांखेरीज कशालाही तोंड लावत नव्हती. शेजारच्या बंगल्यातला साहेब बदलून गेला, तेव्हा तिला आमच्याकडे ठेवून गेला. बरोबर बिस्किटांचे चार डबे दिले. ते संपल्यावर काय करायचं, हे काही सांगितलं नाही.

मला स्वतःला कुत्र्यामांजरांचा लळा नाही. पण माझी बायको विषमज्वरातून उठली ती दोन्ही कान गमावून. दार वाजलं, कुणी हाक मारली, की ही आखूड पायांची कुत्री धावत जाऊन तिचा पदर ओढायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी शाळेत गेलो की दिवसभर घरात त्या दोघीच असत. त्यामुळे कुत्री धडधाकट राहणं ही आमच्या घरात हौसेची गोष्ट नव्हती.

ताकभात दिला तर तिचं पोट बिघडलं. भाकरी हुंगून ती बाजूला झाली. शेजारी म्हणाले, उपाशी ठेवा, झक मारत खाईल. आमच्या हेडमास्तरांनी अंडी सुचवली. स्वतः अंड्याचं नाव निघालं तरी तोंड फिरवणारा माणूस! गुरांच्या डॉक्टरांनी तेवढं नीट सांगितलं, की कोरडं, कडक आणि चांगल्या प्रतीचं खाणं द्या. चांगली प्रत ओळखायची कशी, असं विचारलं तर म्हणाले, "मास्तर, शिकलेले आहात तुम्ही." मी असा चिडलो की रामराम न करताच निघालो.

शेवटी कामशेतला गेलो. तिथल्या ज्या दुकानातून आम्ही वर्षाचा तांदूळ भरायचो, तिथे दोन तऱ्हेची बिस्किटं निघाली. एका पोत्यात पुण्याच्या भट्टीतली ताजी होती, आणि एक पत्र्याचा डबा कुठल्याशा बंगल्याच्या सामानाबरोबर आलेला. मी तांदूळ पारखतो तशी दोन्ही पारखली. तळहातावर घेतली, दाताखाली धरली. ताजं चटकन मोडलं. डब्यातलं दगडासारखं होतं.

दुकानदार म्हणाला, "मास्तर, ह्यो माल जुना हाय. दोन पावसाळं बघितल्यात त्यानं."

मावळात एवढं ऐकल्यावर गिऱ्हाईक पिशवी पुढे करतं. नवा तांदूळ चिकट होतो, पोटाला जड जातो. जुना मोकळा शिजतो, आजाऱ्यालाही सोसतो. दुकानात पाऊल टाकताच आमचा पहिला प्रश्न असतो, "जुना आहे ना?" बिस्किटात चरबी असते, ती खवट होते, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी डबा उचलला, मोठी बाजी मारल्यासारखा घरी आलो आणि दुकानदारानं माल जुना असल्याचं सांगितलंय, हे बायकोला खुणांनी सांगितलं.

बायकोनं झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. "अवो, ह्याला वास येतोय. खवट."

मी हातानंच तिला गप्प केलं. कुत्रीनंही तोंड फिरवलं, तेव्हा मी बिस्किटं दुधात भिजवली आणि समोर उभं राहून तिला खायला लावली. तीन दिवस लावली. बायको दोनदा बोलली. दोन्ही वेळा मी, तुला काय कळतंय, अशी मान हलवली.

चौथ्या दिवशी कुत्री उठेना. पुढे ती जगली, तेही बायकोनं भाताची पेज चमच्यानं पाजली म्हणून. पण आठ दिवस ती चुलीजवळच्या कोपऱ्यात पडून होती.

त्यातल्याच एका दिवशी मी शाळेतून परतलो, तर पुढच्या दाराच्या कडीला पावट्याच्या शेंगांचं गाठोडं लटकत होतं. माकडांच्या त्रासापायी दार नेहमी आतून लावलेलं असायचं. समोरची म्हातारी रस्त्यापलीकडूनच म्हणाली, "तुमचं मेव्हणं आलतं. लय येळ कडी वाजवली, ताई ताई म्हून हाका मारल्या. मी भात उतरवून येतेय तवर गेलं बी."

तिकोणा पेठेहून माझा मेव्हणा वर्षातून एकदा यायचा, तोही बहुतेक वाट पायी तुडवत. मी नेहमीप्रमाणे मागच्या दाराचं कुलूप काढून आत गेलो. बायको चुलीपुढे बसली होती. मी गाठोडं तिच्यापुढे ठेवलं. फडक्याची गाठ बघूनच तिनं भाऊ ओळखला आणि दाराकडे पाहिलं. मी हातानं सांगितलं, गेला.

ती कुत्रीकडे वळली. मग म्हणाली, "मघाशी हिनं मान उचलली व्हती. मला वाटलं, पोटात दुखतंय."

मी त्या दुकानदाराला शिव्या घालायला सुरुवात केली. लुच्चा, हरामखोर, फसवलं त्यानं मला! ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"त्यो कुटं खोटं बोलला?" ती म्हणाली. "जुना हाय म्हणाला, जुनाच व्हता. वास येतोय म्हून म्या सांगितलं. मी बहिरी हाय. तुमाला तर ऐकू येत व्हतं."